एका कालव्यावर दोन कोळशाच्या बोटी

नेरिसला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. वीसेक वर्षं ती परगण्यातल्या खेड्याखेड्यांतून फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवत होती. मग गाडी बंद झाली आणि हातात थोडी रक्कम ठेवून तिला घरी पाठवलं. घर म्हणजे तिची कालव्यावरची बोट, इतकी अरुंद की आत दोघांना एकमेकांना ओलांडून जाता येऊ नये. आठवडाभरात तिने त्यातलं एकेक फडताळ घासलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा घासलं.

"तुझ्या पायाला भिंगरी आहे बघ," रेक्सममधून तिची बहीण फोनवर म्हणाली. "आता तरी जमिनीवर एखादं घर बघ की."

नेरिसने घर बघितलं नाही, दुसरी बोट बघितली. तिचं नाव टीझल. मागे बसण्यापुरती खोली आणि पुढचा सगळा भाग माल भरायला उघडा. तिने त्यात बिनधुराच्या कोळशाची पोती रचली, गॅसची सिलिंडरं ठेवली, डिझेलची टाकी बसवून घेतली आणि एका शेतकऱ्याकडून दोन उन्हाळे वाळवलेलं लाकूड फोडून जाळीच्या पिशव्यांत भरलं. कालव्यावर बारा महिने राहणारे पुष्कळ. त्यांना शेगडीला जळण लागतं, दिव्यासाठी इंजिन चालवायला डिझेल लागतं, आणि काठापासून रस्ता लांब. माल दारात नेला तर कोण नको म्हणेल?

नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत सगळेच नको म्हणाले.

"कोळसा द्यायला आमचा म्हातारा क्लेम आहे," बेव्हने सांगितलं. बेव्ह म्हणजे पुलापलीकडच्या हिरव्या बोटीतली धिप्पाड बाई, सगळ्या काठाची खबर ठेवणारी. तिच्या धुराड्यातून काळा धूर येत होता आणि वास रंगाचा होता.

"काय जाळतेस?" नेरिसने विचारलं.

"खुर्ची."

"अगं, माझ्याकडे सुकं लाकूड आहे. घे दोन पिशव्या."

"क्लेम येईल. आमच्या बापाच्या वेळेपासून तोच देतोय."

"शेवटचा कधी आला होता?"

बेव्हने कालव्याकडे बघितलं. "सप्टेंबरात," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या बोटीवर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. एकाने तर तिच्या तोंडावर म्हटलं, की माणूस आजारी पडला की गिधाडं लगेच घिरट्या घालतात. नेरिस परतली तेव्हा टीझल जशी भरून गेली होती तशीच भरलेली होती. तिला बसवेना, की जेवण जाईना. पोती उगाच इकडची तिकडे रचली. दिवस उजाडताच कोट चढवला आणि बसने शहरात, क्लेमला भेटायला गेली.

क्लेम हॉजेट मुलीच्या, पॉलीनच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर होता. छातीचं दुखणं झालं होतं, दवाखान्यातून आला तो इथेच. पॉलीनने नेरिसला आत घेतलं आणि चहा टाकायला गेली. म्हातारा खिडकीशी बसला होता. खिडकीतून गाड्या लावायचं पटांगण दिसत होतं. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर एकसारखी टकटक करत होती.

"तूच होय ती लाकूडवाली," तो म्हणाला. "बेव्हचा फोन आला होता."

"मला तुमचं गिऱ्हाईक पळवायचं नाही, मिस्टर हॉजेट. पण ते थंडीने मरतायत. खुर्च्या जाळतायत."

"कोळसा कुठे रचलायस?"

"म्हणजे?"

"बोटीत, पोरी. कुठल्या बाजूला?"

"पुढे."

"सगळा पुढे?" त्याने डोळे मिटले, जणू कुठेतरी कळ आली. "म्हणून नाक खाली घालून चालते. बेव्ह म्हणत होती, वळणावर काठ खरवडत गेलीस."

नेरिसला राग आला, कारण ते खरं होतं. ती उठायला लागली तेवढ्यात तो हळूच, स्वयंपाकघराकडे नजर ठेवून म्हणाला, "एक फेरी मला ने. एकच. मी बसून राहीन, तोंड उघडणार नाही."

"बाबा," आतून पॉलीन म्हणाली, "मला ऐकू येतंय."

बाप-लेकीचं काय बोलणं झालं ते नेरिसला कळलं नाही, पण पहिल्या कडक गारठ्याच्या दिवशी पॉलीन त्याला पुलावर घेऊन आली. कालव्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. पॉलीनने त्याला दोन स्वेटर, घोंगडी आणि दम दिला, आणि टीझलच्या मागच्या भागात स्टुलावर बसवलं.

तोंड न उघडण्याचं वचन पहिल्या वळणापर्यंतही टिकलं नाही.

"आता वळव. आता. अगं, बोट आहे ही, गाडी नाही, आधी सांगावं लागतं तिला."

"तुम्ही गप्प बसणार होता."

"गप्पच आहे. सुकाणू उलट्या बाजूला ढकल."

पुढच्या नाकाखाली बर्फ तडतडत फुटत होता. तो आवाज ऐकून एकेक दार उघडलं. क्लेमला बघून माणसं काठावर धावत आली. कुणी अजून झोपायच्या कपड्यांत होतं, कुणाच्या हातात तव्यावरून नुकताच उचललेला बेकन-पाव होता. क्लेमने कुणाचीही विचारपूस केली नाही. "काय रे, अजून बुडाला नाहीस?" असं एकाला म्हणाला. बेव्हला म्हणाला, "खुर्च्या संपल्या की नवऱ्याला घालणार होतीस का शेगडीत?"

"तो ओला आहे, पेटणार नाही," बेव्ह म्हणाली, आणि नाक पुसलं. मग चार पोती घेतली, सिलिंडर घेतलं, लाकडाच्या पिशव्या घेतल्या. जाताना नेरिसला म्हणाली, "क्लेमने आणलंय म्हणून घेतेय हं."

"पोती मी उचलतेय," नेरिस म्हणाली.

"ते दिसतंय."

दुपारपर्यंत टीझल रिकामी झाली. पॉलीन पुढच्या पुलावर गाडी घेऊन उभी होती. गाडीत बसताना म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं, ते नेरिसकडे नाही, बोटीकडे.

त्यानंतर ती एकटी गेली तरी लोक घ्यायला लागले. ख्रिसमस गेला, जानेवारी गेला. टीझल आता सरळ चालत होती आणि नेरिसला रात्री झोप लागत होती.

फेब्रुवारीच्या अखेरीला एका सकाळी, लॉकच्या हौदात पाणी भरून टीझल वरच्या पातळीला चढली आणि नेरिसने दारं उघडली, तर समोरून एक लांब काळी बोट येताना दिसली. खोल बसलेली, काठोकाठ कोळशाने भरलेली. नाकावर नाव होतं, बिटर्न. मागे सुकाणूवर क्लेम उभा होता.

दोन्ही बोटी शेजारून गेल्या तेव्हा त्याने टोपीला हात लावला.

"तुम्ही आजारी आहात," नेरिस म्हणाली.

"होतो. तुझ्याबरोबर आलो आणि घरी गेल्यावर त्या खिडकीत बसवेना. पॉलीन महिनाभर भांडली, मग दमली."

"आणि मी काय करू?"

"ते मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणून तिला जास्तच लागलं. बिटर्न लॉककडे निघून गेली.

लोक परत क्लेमकडे गेले, मान खाली घालून, पण गेले. बेव्ह एक पोतं त्याच्याकडून घ्यायची, एक नेरिसकडून, आणि एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून ताडपत्रीखाली लपवायची. नेरिसला ते दिसायचं. रिकामं बसवत नव्हतं म्हणून ती निघायची, आणि निघाली की अर्धा माल तसाच परत यायचा. टीझल विकून टाकावी असंही तिच्या मनात येऊन गेलं. एकदा तर फोन हातात घेऊन बहिणीचा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला.

शेवटी पाण्याच्या नळाशी तिने क्लेमला गाठलं.

"तुम्ही मला वापरून घेतलंत."

"घेतलं," तो टाकी भरता भरता म्हणाला. "तूही मला वापरून घेतलंस. माझ्या तोंडाकडे बघून माल खपवलास ना?"

टाकी भरून वाहायला लागली, तसा नेरिसने नळ बंद केला.

"कालव्याचा उत्तरेचा फाटा बघितलायस?" तो म्हणाला.

"तिथे गाळ आहे. कोणी जात नाही."

"बिटर्न जात नाही. खोल बसते, रुतते. म्हणून मी उभ्या जन्मात तिकडे पोतं विकलं नाही. तुझी हलकी आहे. वर बोटी आहेत, खूप आहेत. गाडीरस्ता कुठेच नाही."

"म्हणजे मला इथून घालवायचंय."

"अर्थातच," क्लेम म्हणाला. "पण खोटं सांगत नाही."

मार्चमध्ये अजून गारठा होता. तिने दोन्ही टोकांना सारखं वजन येईल असा माल रचला आणि फाट्यात शिरली. लव्हाळी बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकली, ती थंडगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून कापून काढली. पहिल्या मैलात दोनदा रुतली. तिसऱ्यांदा अशी रुतली की इंजिन ओरडून थकलं, तळचा चिखल वर आला आणि बोट तसूभरही हलली नाही. ती सुकाणूवर उभी राहिली. क्लेमला काय काय ऐकवायचं ते ती मनात जुळवत होती.

झाडीमागून एक दाढीवाला आला, हातात कुऱ्हाड. त्याने टीझलकडे बघितलं, मालाकडे बघितलं.

"ते कोळशाचं पोतं आहे?"

"हो."

"विकायचं?"

"ओढून काढलंत तर विकायचं."

तो गेला आणि माणसं घेऊन आला. पाच-सहा जण होते, एक सत्तरीची बाईही होती, रबरी बुटांत. दोर बांधला, काठावरच्या पायवाटेवरून सगळ्यांनी ओढला. नेरिसने इंजिन जोरात ठेवलं. टीझल आधी कलली, मग एकदम सुटली, आणि दाढीवाला पाठीवर आपटला. म्हातारी त्याला हसली आणि ओली लाकडं जाळून जाळून डोळे गेले म्हणून सांगत टीझलमध्ये वाकून पिशव्यांना हात लावून बघायला लागली.

"हे खरंच सुकं आहे," ती म्हणाली. "दोन ठेव. नको, चार ठेव. आणि वर माझी बहीण आहे, तिलाही लागेल."

"वर अजून किती खोल आहे पाणी?" नेरिसने विचारलं.

"खोल कसलं," दाढीवाला चिखल झटकत म्हणाला. "पुढे अजून दोन ठिकाणी रुतशील. आम्ही येतो बरोबर."

नेरिसने चार पिशव्या काठावर उतरवल्या, दोर गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. ते सगळे पायवाटेने बोटीबरोबर चालायला लागले, म्हातारी सगळ्यांत पुढे.