गाळावरचे घर

वीरण्णाची कॅम्परव्हॅन बोटीतून मुंबईच्या गोदीत उतरली तेव्हा मार्च सरत आला होता, आणि तिकडे तांबरसांगवी पाण्याबाहेर येऊन तीन महिने झाले होते.

सोळा वर्षांपूर्वी धरणात बुडालेले हे गाव म्हणजे त्याच्या आईचे, शरणम्माचे, माहेर. लातूर वेगळा जिल्हा होऊन चौथे वर्ष चालू होते. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या मिळाल्या, पाट्या मिळाल्या, पाऊस तेवढा मिळाला नाही. धरणाचे पाणी मागे मागे सरत गेले आणि दीर्घ झोपेतून कुणी उठून बसावे तसे गाव उठून बसले. उदगीरहून आईने लिहवून घेतलेले पत्र ब्रॅडफर्डला पोचले होते : ‘आमच्या घराचं जोतं दिसायलंय म्हणतात. तिथं एक रात राहून यावं वाटतंय. पण छप्पर न्हाई, झाड न्हाई, प्यायला पाणी न्हाई. येत्या पावसात पुन्हा बुडालं की माझ्या जन्मात काही ते दिसत न्हाई.’

वीरण्णा तसाही कायमचा परतणार होता. बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची सतरा वर्षे गेली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने ही जुनी गाडी घेतली : आत निजायची फळी, गॅसची शेगडी, पन्नास लिटरची टाकी, खिडक्यांना विटके पडदे. सुटीच्या दिवशी तो ती एखाद्या तळ्याकाठी नेऊन उभी करी आणि समोरच्या अफाट, निरुद्योगी पाण्याकडे पाहत बसे. पत्र वाचल्यावर त्याला वाटले, छप्पर, सावली आणि पाणी ही तिन्ही चाकांवर घालून नेता येतील.

गोदीतल्या अधिकाऱ्याने कागद चाळले.

“गाडी कुणाची?”

“माझी.”

“कागदावर शरणम्मा गुरुपादप्पा असं नाव आहे.”

“माझी आई.”

“त्या परदेशात किती वर्षं होत्या?”

“आई सोलापूरच्या पुढं गेलेली नाही.”

अधिकाऱ्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. परतणाऱ्या माणसाला स्वतःची, वर्षभर वापरलेली गाडी आणता येत होती. सोलापूरच्या पुढे न गेलेल्या आईची नव्हे. पण वीरण्णाच्या घराची रीत होती : आडत दुकान असो, शेत असो की साधा वजनकाटा, पहिली वस्तू घरातल्या बाईच्या नावाने घ्यायची. ब्रॅडफर्डच्या बर्फात, पाहणारे कुणी नसताना, त्याने ती निष्ठेने पाळली होती. आता तीच आडवी आली.

नाव बदलण्यासाठी कागद विलायतेला गेले. ते परत येईपर्यंत वीरण्णा रोज गोदीच्या फाटकाशी उभा राही. दूरवर, यंत्रांच्या आणि पेट्यांच्या गर्दीत, ते विटके पडदे त्याला दिसत. त्या वर्षी ढग पाहून घाबरणारा मराठवाड्याचा माणूस तो एकटाच असावा, आणि त्या भीतीची त्याला लाजही वाटे.

मे संपता संपता गाडी सुटली. उदगीरला वडिलांनी, गुरुपादप्पांनी, तिला एक प्रदक्षिणा घातली आणि माहेरी यायचे साफ नाकारले.

“बायकोच्या माहेराला जावयानं न बोलावता जाऊ न्हाई.”

“बोलवायला तिथं मासे होते, तेबी गेले,” शरणम्मा म्हणाली. “बसा घरी.”

निलंग्याच्या पुढे डांबर संपले. मग धरणाचा तळ लागला : भेगाळलेला, करडा, क्षितिजापर्यंत. गाडी त्यावरून इतकी हळू चालली की वीरण्णाला आपण पाण्याखालून चाललो आहोत असे वाटू लागले. खिडकीबाहेर शिंपल्यांनी मढलेल्या भिंती तरंगत मागे जात होत्या. शरणम्मा बोटाने वाट दाखवत होती. इथे वेस. इथे मठ. इथे सिंधुअक्काची चूल. आणि मग, “थांब.”

जोत्याचा दगड न दगड शाबूत होता. उतरत्या बाजूने वीरण्णाने गाडी वर चढवली आणि जिथे माजघर होते तिथे उभी केली. शरणम्माने शेगडीवर दूध उतू जाऊ दिले. ती रात्र ती पडदा सारून बसून होती. तो फळीवर निजला होता.

सकाळी निघायची वेळ झाली, आणि शरणम्मा गाडीतल्या बाकावर बसून राहिली.

“चल आई. ढग यायलेत.”

“ओटी न भरता लेक माहेराहून निघत असती का?”

ओटी बाईने भरायची, तीही त्याच घरातून. भाऊ, भावजया, सगळे आधीच वारले होते. घर त्याने समुद्रापलीकडून आणले होते. घरातले माणूस कुठून आणणार?

जोत्याखाली गाळात कुणी टरबुजाचे वेल लावले होते. तिथून एक बाई खुरपे घेऊन वर आली. शरणम्माने बाकावरूनच विचारले, “कुणाची गं तू?”

“भुजंग कांबळ्याची पंचशीला. तुम्ही शरणाआत्या न्हाई का?”

आत्या. बापाच्या पिढीच्या लेकीला गाव असेच म्हणते.

“माझी ओटी भर बाई,” शरणम्मा म्हणाली.

“दीक्षा घेतल्यापासून आमच्यात ते सोडलंय, आत्या.” पंचशीला जोत्याच्या कडेशीच थांबली होती. “आन् ह्या दगडावर आमचं माणूस कधी चढलं न्हवतं.”

“हे घर विलायतेचं हाय. त्याला कुणाची जात ठावी?”

“त्याला न्हाई. तुम्हाला ठावी हाय की.”

वीरण्णाने आईकडे पाहिले नाही. गाळावरून वारा आला, पडदा हलला. मग बाक करकरला. शरणम्मा खिडकीकडे सरकली होती आणि शेजारची मोकळी जागा पदराने पुसत होती.

“आत ये. चहा घे.”

पंचशीलाने खुरपे खाली ठेवले. चहा होईतो दोघी पाणवठ्याच्या वाटा आठवत राहिल्या. दोघींच्या वाटा वेगळ्या होत्या, पाणवठेही. कप रिकामा करून पंचशीला उतरली आणि वेलांतून एक टरबूज घेऊन आली.

“ओटी न्हाई ही,” ती आत चढत म्हणाली. “पण गावातून रिकामं जायचं न्हाई.”

“उंबऱ्याच्या आतून दे,” शरणम्मा म्हणाली. ती स्वतः खाली उतरली, गाडीच्या दाराशी पदर पसरून उभी राहिली, आणि आत उभ्या असलेल्या पंचशीलाने तिला माहेराहून पाठवले.

टरबूज चांगलेच जड होते. वीरण्णाने ते मागे ठेवायला हात पुढे केला, पण तिने दिले नाही. पुढच्या आसनावर ते मांडीत घेऊन ती निलंग्यापर्यंत तशीच बसून होती, आणि काचेवर पहिले थेंब पडू लागले तेव्हा तिचा डोळा लागला होता.