झेनेपच्या दारची परात

बेरात शहरात ज्या घरात माणूस जातं, त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारणी परात घेऊन जातात, पहिला घास स्वतः खातात, मग घरची माणसं जेवतात. सरकारने धर्मावर बंदी घालून मशिदींना आणि चर्चना कुलपं लावली, तरी ही रीत कुणाच्या हातून सुटली नव्हती.

झेनेपच्या दाराकडे मात्र कुणी फिरकलं नाही. तिचा नवरा फुआत तुरुंगात मेला, तोही 'जनतेचा शत्रू' म्हणून. अशाच्या घरी रडायला जायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. गल्ली मोठी शहाणी; खिडक्या लावून बसली.

समोरची सानियेही दोन दिवस शहाणी राहिली. तिची लेक मिमोझा डॉक्टरकीला जायची होती. वस्तीच्या समितीने या आठवड्यात होकार दिला तर. समितीची प्रमुख बेद्रिये, आणि तिच्या नजरेतून गल्लीतलं मांजरसुद्धा सुटत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सानिये ब्युरेक लाटायला बसली. पापुद्रे लाटले, मधे पालक भरला. हात सवयीने चालत होते, जीव काही थाऱ्यावर नव्हता. वस्तीच्या भट्टीवरून परात भाजून आणली आणि सगळ्यांच्या देखत तिने झेनेपचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी सानिये. उघड."

"जा बाई तू. मी जेवलेय."

"काय जेवलीस? धुराडं तर परवापासून गार आहे."

दार उघडलं नाही. बेद्रिये मात्र कोपऱ्यावरून आलीच.

"काय गं सानिये, दार चुकलीस वाटतं? घरी ने ती परात. चल, मीही येते चव बघायला."

बाई तशी दुष्ट नव्हती. सुटायला वाट करून देत होती, हे सानियेला कळलं. नुसतं 'हो' म्हणायचं आणि मागे वळायचं. मिमोझाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"नाही, दार बरोबर आहे," ती म्हणाली. "फुआत गेला, म्हणून आलेय."

बेद्रियेने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती समितीच्या कचेरीकडे चालू लागली.

तोवर दार उघडलं. झेनेपने सानियेला दंडाला धरून आत ओढलं.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? मी जेवलेय म्हणाले ना? पोरीचं वाटोळं केलंस, मेले, पोरीचं!" ती शिव्या देत होती आणि रडत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच रडत होती.

 सानियेने परात जमिनीवर टेकवली, मांडी घातली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मग परात झेनेपपुढे सरकवली.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आता एवढा महागात पडलेला ब्युरेक वाया घालवू नकोस. खा."