दादाचा पंप आणि धाकट्याचे ढालकिडे

आमच्या शेताचा बांध हातभर रुंद आहे, आणि गेले तीन महिने माझे दोन्ही भाऊ मला त्यावर बसवून एकमेकांशी बोलत होते.

"त्याला सांग, भोकं पडलेला कोबी कुणी घेत नाही," दादा म्हणायचा.

"त्याला सांग, त्याचा कोबी धुवायला अख्खी विहीर लागेल," धाकट्याचं उत्तर.

दोघांमध्ये अंतर आठ पावलं, दोघांचे कान शाबूत. तरी निरोप पोचवायचा मी! दोघांनाही रोपं मीच करून देते, म्हणून मी निःपक्षपाती, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

दादा खत मापून देतो आणि दर शनिवारी फवारतो. त्याचे गड्डे डोक्याएवढे होतात, हे मान्यच करायला हवं. धाकट्याने आपल्या वाट्यात रसायन बंद केलं. लसूण-मिरचीचं पाणी, किडी अडकवायचे चिकट पिवळे कागद, आणि पानांवरची मावा ही बारीक कीड खाणारे लाल ढालकिडे, तेही खोक्यातून मागवलेले. एका शनिवारी दादाचा फवारा वाऱ्याने बांधापलीकडे गेला आणि खोकंभर किडे सकाळच्या सकाळी आडवे झाले.

"वारा काय मी सोडला?" दादा म्हणाला. धाकट्याने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

सुरुवातीला मला हसू यायचं. मग येईनासं झालं. लहानपणी हाच धाकटा दादाच्या पाठीवरून खाली उतरायचा नाही. आता हे असंच कायमचं झालं तर?

या महिन्यात दादाच्या कोबीवर मावा आला. दोनदा फवारलं, मावा ढिम्म. इकडे धाकट्याने किड्यांचं दुसरं खोकं उघडलं, आणि चार दिवसांत ते सगळे बांध ओलांडून दादाकडे जेवायला गेले. पुढचा शनिवार जवळ येत होता. धाकटा माझ्याकडे आला.

"त्याला सांग, फवारू नको म्हणावं."

मी सांगितलं. दादा म्हणाला, "त्याचे पाहुणे त्यानेच परत न्यावेत."

शनिवारी सकाळी दादा आलाच. तोंडाला फडकं, पाठीवर पंप. सोळा लिटर भरले की एरवी तो कमरेत वाकतो. त्या दिवशी ताठ चालत आला. रागाचा जोर असेल, मला वाटलं.

"ताई, त्याला सांग..."

"नाही सांगत!" मी उठलेच. "मला रोपांना पाणी घालायचंय. तुमची तोंडं तुम्ही वापरा."

दहा पावलं गेले. कान मात्र मागेच होते. दादाने नळी उचलली.

"दादा, थांब ना रे!"

आवाज धाकट्याचा, पण सात वर्षांच्या पोरासारखा. दादाने नळी खाली केली, फडकं ओढून काढलं.

"एक किडा दिवसाला किती मावा खातो?"

"पन्नासेक."

"आणि तुझ्या कोबीला भोकं कोण पाडतं?"

"ती अळी. तिच्यापुढे लसूण-मिरची चालत नाही."

"मग मला विचारायचंस की, गाढवा!"

पंप बांधावर टाकून दादाने चष्मा लावला. दोघं एकाच गड्ड्याशी उकिडवे बसले आणि दुपारपर्यंत तावातावाने भांडले, थेट. मला कुणी काही विचारलं नाही, याचा थोडा रागही आला.

शेवटी नेहमीसारखं आवरायला मीच गेले. पंप दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून उचलला, आणि मागच्या मागे पडता पडता वाचले.

टाकी आतून कोरडी ठणठणीत होती.