बारावं थडगं

नदीकाठच्या त्या बागेत राजा-राण्यांची मिळून अकरा थडगी. बारावं माळीबुवांच्या तोंडातून जन्माला आलं.

त्यांचं दोन खोल्यांचं घर बागेच्या पार शेवटच्या टोकाला. लोक सातव्या थडग्यापाशीच दमायचे आणि मागे फिरायचे. घरासमोर होता काय, तर गवंड्यांचा चुना भिजवायचा जुना हौद, तोही बुजलेला. बोलायला माणूस नाही म्हणजे माळीबुवांचं पोट दुखायचं. एका रिकाम्या दुपारी त्यांनी हौदाच्या उंचवट्यावर पांढऱ्या फुलांच्या कुंड्या मांडल्या आणि वाट चुकून आलेल्या जोडप्याला सांगून टाकलं, इथे धाकटी राजकन्या आहे, नदीत बुडालेली. बाई रडली. माळीबुवांना चव लागली. एका वर्षी गोष्टीत बाहुली आली, पुढच्या वर्षी दाई, त्याच्या पुढच्या वर्षी दाईला वेड लागलं. शेवटी पुरातत्त्व खात्याने पाटीच लावली. खात्याच्या कागदावर खाली ‘माहिती देणार’ म्हणून माळीबुवांनी ऐटीत सही ठोकली.

यंदा मोजणीवाल्या बाई आल्या. नियम नवा होता: थडग्यापासून शंभर मीटरच्या आत राहतं घर नको. अकरा थडगी लांब होती. बारावं टेपवर बावीस मीटर भरलं.

“बाई, ते थडगं नाही हो. चुन्याचा हौद आहे. मीच मारलेली थाप.”

“काका, मी शाळेच्या सहलीला आले होते. तुम्हीच सांगितलंत. डोळे भरून आले होते तुमचे.”

“ते रोजच यायचे.”

“घर जायला लागलं की माणूस काहीही बोलतो, समजतं मला. पण तेव्हा खोटं बोलायची तुम्हाला गरज काय होती?”

काहीच नव्हती. हेच तर कुणाला पटवता येईना.

“मग खणून बघा. हातभर खाली चुना लागेल.”

“राजघराण्याचं थडगं खणू?” बाईंनी वहीत खूण केली. “पंधरा दिवस आहेत, काका.”

आठवड्याने घरात माळीणकाकू शेगडीपाशी होत्या. नजर जाऊन सहा वर्षं झाली होती, पण या दोन खोल्यांत त्यांना डोळे लागत नसत. कुठे खुंटी, कुठे उंबरा, सगळं हाताला पाठ. बाहेर मात्र कुंड्यांपर्यंतही हाताला धरून न्यावं लागे.

“तुमच्या लाडक्या राजकन्येने घर खाल्लं म्हणायचं,” काकू म्हणाल्या.

माळीबुवांनी टोपी खुंटीला अडकवली.

“खात्याने दिलेलं नवं घर बघून आलात ना काल? दारापासून शेगडी किती पावलांवर?”

तिसरा मजला होता. जिन्याला कठडा नव्हता. आत त्यांनी काही मोजलंच नव्हतं.

“चार,” माळीबुवा म्हणाले. “अगदी इथल्यासारखं.”

काकू उठल्या, भिंतीला हात न लावता, पावलं मोजत दारापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. मग पुन्हा गेल्या.