वारा आणि आजीबाई

"थांबा," आजीबाई म्हणाली, आणि मैदानावरची चाळीस माणसं चिडीचूप झाली.

आजीबाई म्हणजे बावीस वर्षांची पोर, पंपांच्या कंपनीतली इंटर्न. कंपनीनं हौशी रॉकेटासाठी पैसे दिले होते आणि एक रिकामी शेड. वेळ मात्र ज्यानं त्यानं आपला घालायचा. मग काय, सहा इंटर्न सुट्टीच्या दिवशीही तिथंच पडीक. ही प्रत्येक स्क्रू दोनदा तपासायची, म्हणून आजीबाई. उड्डाणाला हो-नाही म्हणायचं कामही सगळ्यांनी तिच्याच गळ्यात मारलं.

आज बटण दाबायला खुद्द मोठे साहेब आले होते. सहांतून एकालाच नोकरीत कायम करणार होते, आणि ते साहेबच ठरवणार होते. बाबांनी सकाळी फोनवर बजावलं होतं, "बाळा, तिथं शहाणपणा करू नकोस."

आणि मेल्या वाऱ्याला नेमका आत्ताच जोर चढला होता.

"किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"ताशी सव्वीस किलोमीटर, सर. वीसच्या वर सोडायचं नाही असं ठरलंय. वर पॅराशूटची छत्री उघडली की रॉकेट वाहत जाऊन रस्त्यावर पडेल."

"अगं, सहाचाच तर फरक. मला दहा मिनिटांत निघायचंय."

शेजारचा लंबू, सहांतलाच एक, पुटपुटला, "हो म्हण ना बाई, नोकरी घालवशील."

तिनं रस्त्याकडे पाहिलं. एक बाई सायकलवर पोराला घेऊन चालली होती.

"नाही, सर."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

गाडी गेली आणि वीस मिनिटांत वारा पडला. अठरा. पंधरा. पोरांच्या अंगात वारं शिरलं. "आता तूच दाब," लंबू म्हणाला. पाच, चार, तीन... रॉकेट सूंऽ करून असं गेलं की माना मोडायची वेळ आली. मग वर, पार वर, छत्री उघडली. पोरं बेभान होऊन धावत सुटली. एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तेवढ्यात बाबांचा फोन. "काय गं, साहेब खूश झाले का?"

"नाही, बाबा." ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. "पण छत्री उघडली. मैदानातच उतरली."

"छत्री? पाऊस पडतोय का तिकडे?"

"नाही हो बाबा," ती म्हणाली, "लख्ख ऊन आहे."