अव्वाच्या गोष्टीचे राहिलेले पान

मी एक जुनी रेहल आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. पोथी-पुस्तक उघडून ठेवायची घडीची लाकडी बैठक म्हणजे मी. उदगीरच्या एका म्हाताऱ्या सुताराने मला सागाच्या एकाच फळीतून कोरले. माझ्या अंगात एकही खिळा नाही, याचा मला अजून तोरा आहे. मी उघडले की डाव्या हातावर वाचून झालेली पाने येतात आणि उजव्या हातावर राहिलेली. वाचता मला येत नाही, पण किती राहिले ते वजनावरून कळते.

निलंग्याच्या शिवम्माने मला श्रावणातल्या पुराणासाठी घेतले. नातवंडे तिला अव्वा म्हणत. श्रावण संपला की इतर घरांतल्या रेहली फडक्यात गुंडाळून माळ्यावर जातात. माझ्या नशिबी तसले मोठेपण नव्हते. अव्वाच्या मुलाची, ईश्वरप्पाची दोन लेकरे, जगदेवी आणि धाकटा मलप्पा, गूळ-शेंगदाणे खात येऊन बसत आणि चिकट बोटांनी मलाच धरत. मग अव्वा गोष्टींचे पुस्तक काढी. त्यालाही ती पोथीसारखी विभूती लावी. कोल्ह्याच्या गोष्टीला विभूती! पण तिला त्यात काही वावगे वाटत नसे. वाघ आला की ती पदर पुढे ओढून गुरगुरे, आणि मलप्पा भिऊन तिच्याच मांडीत शिरे. पान उलटायचा मान जगदेवीचा. त्या दुपारी मला फार आठवतात.

मग दुष्काळ पडला. आडाचा तळ दिसू लागला. ईश्वरप्पाच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. त्याच्या सासऱ्यांनी धर्माबादच्या धान्याच्या मोंढ्यात काम बघून दिले. निघायच्या दिवशी अव्वा लंगड्या शेळीची गोष्ट वाचत होती. शेळीचे करडू नदीपलीकडे राहिले होते, म्हणून ती पाण्यात उतरली होती.

"अव्वा, नदीत एवढं पाणी अस्तंय?" मलप्पाने विचारले.

"अस्तंय की. बघशील."

तेवढ्यात बाहेरून ईश्वरप्पाची हाक आली, "चला, एसटी चुकंल!" अव्वाने पानांत बेलाचे पान ठेवले आणि पुस्तक मिटले.

"फुडं काय झालं तेवढं तरी सांग," जगदेवी रडवेली झाली.

"समाप्तीला समदे लागतेत. पुराणाचं न्हाई का आपल्यात? तुमी दोघं या, मंग वाचू."

खरेच, घर भरलेले असल्याशिवाय अव्वा पुराणाची समाप्ती कधी करीत नसे. तोच नियम तिने शेळीला लावला.

वर्षे गेली. लेकरे येत, पण लग्नकार्यापुरती; सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळच्या गाडीने जात. त्यातही कधी जगदेवी नसे, कधी मलप्पा. शेजारची कमलम्मा म्हणे, "पुरी करून टाक की ती गोष्ट. लेकरं मोठी झाली आता." अव्वा म्हणे, "करते की. येऊ दे त्यांना." एकदा कुणीतरी माझ्यावर वाळत्या मिरच्यांनी भरलेले सूप ठेवले. अव्वाने ते काढले, मला पदराने पुसले, माझ्यावर पुस्तक उघडले आणि न वाचताच कितीतरी वेळ बसून राहिली. मलाही त्या चिकट बोटांची ओढ लागली होती.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. ईश्वरप्पाने धर्माबादचे बिऱ्हाड मोडून लातुरात दुकान टाकले, आणि सगळे मिळून निलंग्याला आले. जगदेवी साडीत होती. मलप्पाला मिसरूड फुटले होते. अव्वाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"तूच वाच गं," अव्वा जगदेवीला म्हणाली.

वाळलेल्या बेलपानाचा भुगा माझ्यावर सांडला. जगदेवी वाचू लागली. शेळी धारेला लागली, बुडता बुडता वाचली, काठाला आली. माझ्या उजव्या हातावर आता एकच पान उरले. तेवढ्यात त्या पानावर अव्वाचा हात आला.

"राहू दे."

"अव्वा, एकच तर पान हाय. आन् समदे हायत की आज!"

"आज हायत. उद्या लातूरला जाशील न्हवं?"

जगदेवीने उठून देवापुढचे ताजे बेलपान आणले आणि पुस्तकात ठेवले.

"मंग ऐतवारी येते," ती म्हणाली.

आणि आली. पुढच्याही रविवारी आली. लातूर काही धर्माबादइतके लांब नव्हते. अव्वा एक ओळ वाचू देई आणि हात आडवा घाली. मग दोघी हसत. माझ्या हातावरचे वजन तेवढेच राहिले, पण घरातली बोलणी वाढली. एका रविवारी शेवटची एक ओळ उरली. "फुडच्या ऐतवारी," अव्वा म्हणाली. तो रविवार काही अव्वाला मिळाला नाही.

आता मी लातूरला जगदेवीच्या घरी आहे. ती आपल्या लेकरांना शेळीची गोष्ट वाचून दाखवते आणि शेवटच्या ओळीपाशी थांबते. लेकरे चिडतात. करडू सापडले की नाही, ते मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसले, कधी तेलाचे बोट लावले, की पुरते. लाकडाला तेवढी काळजी बास होते. पण तुमच्यासाठी कुणी गोष्ट अर्धी ठेवून बसले असेल, तर या रविवारची गाडी पकडा. एक ओळ वाचून आलात तरी चालेल.