स्टिअरिंग जड लागतंय

आमची गाडी सरळ रस्त्याला गुमान चालायची आणि वळण आलं की कण्हायची. ऊंऽऽ करून असा सूर लावायची की फुटपाथवरचा माणूस मान वळवून बघायचा. गुरुवारी भजनाला जाताना मागे बसलेली नीना म्हणालीच, "यमुनावहिनी, तुमच्या गाडीनं आमच्या आधीच सूर धरला की!"

"धरू दे. तुझ्यापेक्षा बरी गाते," मी म्हटलं. "आणि ऐकवत नसेल तर तुझ्या दारावरून बस जाते."

लंडनच्या कडेला आमच्या हाउन्सलोतल्या बायकांना भजनाला नेते-आणते ती आमची गाडी. दुसऱ्यानं वापरून टाकलेली का असेना, आमची आहे. मी कधी बसस्टॉपवर कुडकुडत उभी राहिले नाही, आणि त्याची मला घमेंड आहे. असू दे.

पण त्या दिवशी माझं लक्ष आवाजाकडे नव्हतंच. आमच्या ह्यांच्याकडे होतं. राउंडअबाउटच्या गोल चौकात वळताना विहिरीतून घागर ओढावी तसं ते चाक ओढत होते. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "स्टिअरिंग जड लागतंय."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं.

जानेवारीत ह्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला होता. ओठ एका बाजूला गेला, आणि तासाभरात परत जागेवर आला. हॉस्पिटलात म्हणाले, छोटा झटका आहे, मोठा येऊ शकतो, जपा. महिनाभर गाडी बंद होती. पुढे डॉक्टरनं चालवायला हो म्हटलं, तर आमचा जयंत रीडिंगहून मुद्दाम आला आणि मला म्हणाला, "आई, गाडी विकून टाका."

"ह्याच हातांनी तुला शाळेत सोडलं," मी त्याला म्हटलं. "तुझी बोटं कीबोर्ड सोडून कशाला लागत नाहीत, तू त्यांना शिकवू नकोस."

तो न जेवता गेला.

आणि आता चाक जड. म्हणजे एक तर गाडी बिघडली होती, नाहीतर हात. मी देवासमोर दिवा लावला आणि सरळ सांगितलं, गाडीच असू दे. हवं तर तिचं इंजिन फुटू दे, पण गाडीच असू दे.

शनिवारी सकाळी ह्यांनी बोनेट उघडलं. जन्मभर एअरपोर्टच्या वर्कशॉपात सामान ओढणाऱ्या टग दुरुस्त केलेला माणूस, गॅरेजचं नाव काढलं असतं तर माझ्यावरच खेकसला असता.

"अगं, तू ड्रायव्हरच्या सीटवर बस. मी सांगेन तसं चाक फिरव."

"मी? ह्या सीटवर मी कधी बसलेय?"

"किती वर्षं सांगतोय, शीक म्हणून. आता बस फुकटची."

मी पदर खोचून बसले. इंजिन चालू होतं. चाक फिरवलं की पुढून ऊंऽऽ. थांबवलं की गप्प.

"इकडे येऊन बघ," हे म्हणाले. स्टिअरिंगच्या तेलाची लहानशी बाटली होती आत. मला लिहिलेलं फारसं वाचता येत नाही, पण रेघ कळते. तेल रेघेच्या पार खाली गेलं होतं, आणि वर नुसता फेस, घुसळलेल्या ताकासारखा.

"तेल कमी पडलं की पंप हवा गिळतो. मग ओरडतो," हे म्हणाले. नळीवरून बोट फिरवत गेले, जोडावर थांबले आणि ओलं बोट मला दाखवलं. "इथं गळतंय. रबर चिरलंय."

"म्हणजे गाडीचंच आहे ना?"

"मग कुणाचं असणार?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, दोन दिवस हेसुद्धा तेच मागत होते. बोललो नव्हतो दोघंही.

मला तर पेढे वाटावेसे वाटले. हे चालत जाऊन नवी नळी, नवी क्लिप आणि तेल घेऊन आले. खाली ट्रे ठेवून जुनी नळी काढली, नवी चढवली. राहिला क्लिपचा एवढासा स्क्रू. स्क्रूड्रायव्हर घसरला. परत लावला, परत घसरला. मग हातातून सुटून आत कुठंतरी खणकन पडला.

"स्क्रू गंजलाय," हे म्हणाले.

क्लिप आत्ता पाकिटातून निघालेली. चांदीसारखी चमकत होती.

"आणा इकडे." मी स्क्रूड्रायव्हर शोधून काढला आणि आवळला तो स्क्रू. दोन फेऱ्यांत बसला. "गंजलाच होता," मी म्हटलं.

मग जॅक लावून पुढची चाकं उचलली. मी परत सीटवर. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, हे डाव्या हातानं तेल ओतणार. बाटलीत बुडबुडे यायचे, फुटायचे. "टोकाला नेऊन दाबून धरू नकोस गं, पंपाला त्रास होतो," असं दर वेळी ओरडत होते. ओरडत होते ते बरं वाटत होतं. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केलं, परत फिरवलं. कण्हणं बंद. मी कान देऊन ऐकलं, पण काही नाही.

जॅक उतरवला. "जयंतला फोन लाव," हे हात पुसत म्हणाले. "सांग, बापानं गाडी बरी केली."

"एक चक्कर मारून येऊ, मग लावते."

गाडी मुकाट चालली. हे खुशीत होते, नीनाची नक्कल करत होते. आणि परत येताना, अगदी आमच्याच रस्त्याच्या तोंडाशी, वळण अर्धंच घेतलं गेलं. डावं चाक धाडकन फुटपाथच्या कडेवर चढलं. मागच्यानं हॉर्न दिला.

ह्यांनी कशीबशी गाडी दारात आणली. "अजून जड आहे," ते म्हणाले. "हवा राहिली असेल आत. तेल घेऊन येतो." इंजिन तसंच चालू ठेवून घरात गेले.

मी उठून पलीकडे ह्यांच्या सीटवर बसले. एक बोट चाकावर ठेवलं, माझं हे संधिवातानं वाकडं झालेलं बोट. चाक फिरलं. लोण्यात फिरावं तसं फिरलं. मी दुसऱ्या बाजूला फिरवून बघितलं. अडावं, कुठंतरी अडावं, म्हणून परत फिरवलं. नाही अडलं.

चावी काढून मुठीत धरली आणि फोन लावला.

"आई? काय झालं? गाडी बिघडली परत?"

"गाडीला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

माझाच मुलगा तो, त्याला कळलं. "बाबांचा हात?"

"उजवा."

"आधी अँब्युलन्सला नाइन नाइन नाइन लाव. आत्ता लाव. मी निघालो." मी तुला सांगितलं होतं, असं तो म्हणाला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. तो म्हणाला नाही.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्ता सांगून फोन ठेवला, तोवर हे तेलाचा डबा डाव्या काखेत धरून आले.

"इकडे बाजूच्या सीटवर बसा."

"का? हवा काढायची ना?"

"काढू. आधी बसा तरी."

बसले. वरून विमान गेलं. त्यांचा उजवा हात माझ्याकडेच पडला होता, नखांत काळं तेल. मी तो हातात घेतला.

"दाबा बरं माझा हात."

"हे काय पोरकट..."

"दाबा म्हणते ना."

त्यांनी समोर बघितलं, दात आवळले. कपाळावरची शीर उठली, राउंडअबाउटला उठली होती तशीच.

"दाबतोय की," ते म्हणाले.